तलाठीची जाहिरात येईपर्यंत काय करायचं?

वाचकांचे प्रश्न

या वेळची जवळपास सगळी पत्रं एकाच विषयावरची आहेत. कॉलेज चालू आहे किंवा नुकतंच संपलंय आणि सरकारी नोकरी पाहिजे, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, म्हणून ज्यांचा प्रश्न बाकीच्यांनाही लागू पडेल अशी निवडलीत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : सर नमस्कार, मी बी.ए. तिसऱ्या वर्षाला आहे, गाव गंगाखेड तालुक्यात, घरी कोरडवाहू शेती आहे. मला तलाठी व्हायचंय. पप्पा म्हणतात आधी डिग्री हातात येऊ दे मग बघू, मित्र म्हणतात पुण्याला चल. तलाठीची जाहिरात कधी येईल आणि तोपर्यंत मी काय करू?

उत्तर : जाहिरातीची तारीख छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे यूट्यूबवर "या महिन्यात शंभर टक्के" असं दिसलं की सरळ पुढे जायचं. मागचा हिशोब बघ म्हणजे तुलाच कळेल. तलाठीची भरती २०१९ ला झाली आणि त्यानंतर थेट २०२३ ला. मधली चार वर्षं ज्या पोरांनी फक्त तलाठी एके तलाठी करत काढली त्यांचं वय गेलं, घरचे पैसे गेले, आणि २०२३ ला साडेचार हजारांवर जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले तेव्हा हीच पोरं नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्यांच्या रांगेत पुन्हा उभी होती. तलाठी होऊ नकोस असं मी अजिबात म्हणत नाहीये, चांगली पोस्ट आहे, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पगाराची सुरुवात २५,५०० च्या बेसिकपासून आणि पुढे मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार असं प्रमोशनही आहे. पण एका जाहिरातीच्या भरवशावर बसू नकोस एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे, आणि हे आज आलेल्या प्रत्येक पत्राला लागू आहे.

आता पप्पांचं म्हणणं. डिग्री येईपर्यंत थांबायचं काही कारण नाही, कारण कितीतरी पोस्टना डिग्री लागतच नाही. तुझी बारावी झालीये, म्हणजे आजच्या आज तू पोलीस भरती, स्टाफ सिलेक्शन कमिशनची (म्हणजे एसएससी, दहावीची नव्हे) लिपिक पदांसाठीची सीएचएसएल आणि रेल्वेच्या क्लार्क वगैरे पदांच्या एनटीपीसी परीक्षेतला बारावीवाला गट, या तिन्हीला पात्र आहेस. दहावीवर एसएससीची शिपाई वगैरे पदांची एमटीएस आहे, रेल्वेची लेव्हल वन आहे ज्याला सगळे ग्रुप डी म्हणतात. एमपीएससीची पूर्वपरीक्षा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना देता येते, फक्त मुख्य परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळी डिग्री झालेली पाहिजे. बँकेचं मात्र तसं नाही, बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसला जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत डिग्रीचा निकाल लागलेलाच लागतो, तिथे "अपिअर्ड" चालत नाही. हा फरक न बघता खूप जण फॉर्म भरतात आणि सगळं पास होऊन डीव्हीला, म्हणजे कागदपत्रांच्या तपासणीला, बाहेर पडतात, म्हणून जाहिरातीतला शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद आणि त्यातली कटऑफ तारीख दोनदा वाच.

तू म्हणशील एवढ्या सगळ्या परीक्षांचा अभ्यास कसा करू. अरे, अभ्यास वेगळा नाहीच. तलाठीला काय होतं, मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि अंकगणित-बुद्धिमत्ता, प्रत्येकी २५ प्रश्न, २०० मार्क, निगेटिव्ह नाही. पोलीस भरतीच्या लेखीला गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान, १०० मार्क, इंग्रजी नाही. एसएससीच्या टियर वनला, म्हणजे पहिल्या पेपरला, रिझनिंग, गणित, जीके, इंग्रजी. रेल्वे एनटीपीसीच्या पहिल्या पेपरला जीकेचे ४०, गणिताचे ३०, रिझनिंगचे ३०, तिथेही इंग्रजी हा विषय नाही आणि पेपर मराठीतून देता येतो. म्हणजे गणित-बुद्धिमत्ता सगळीकडे आहे आणि बी.ए.ची पोरं नेमकी तेच शेवटी ठेवतात, कारण शाळेपासून भीती बसलेली असते. तू उलटं कर. पहिले सहा महिने सकाळचा ताजा वेळ गणिताला दे, टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, सरासरी, व्याज, एवढे धडे हात चालेल इतके पक्के कर आणि मग मागच्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडव. रेल्वेत आणि एसएससीत निगेटिव्ह आहे, रेल्वेला चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क जातो, त्यामुळे तलाठीच्या सवयीने सगळे गोल भरून येऊ नकोस.

पोलीस भरतीचा विचार असेल तर उंची आधी मोज, मुलांना १६५ सेंटीमीटर आणि मुलींना १५५ लागते, ती नसेल तर तिथे वर्ष घालवू नकोस. असेल तर ग्राउंड आजपासून सुरू कर. ग्राउंड ५० मार्कांचं असतं, मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, आणि त्यात निम्मे मार्क पडल्याशिवाय लेखीला बोलावतच नाहीत, तेही एका जागेला दहा जण या हिशोबाने. गावाकडे राहणाऱ्याला इथे खरा फायदा आहे, कारण पळायला रस्ता आणि मोकळं रान घरापाशी असतं, शहरात रूमवर राहणाऱ्याला त्यासाठी पहाटे मैदान गाठावं लागतं. २०२४ च्या भरतीला सतरा हजारांवर जागा होत्या, एवढ्या जागा एका वेळी राज्याच्या दुसऱ्या कुठल्या खात्यात सहसा निघत नाहीत.

राहिला पुण्याचा प्रश्न. तिसरं वर्ष सोडून पुण्याला जाऊ नकोस. रूम, मेस, अभ्यासिका, क्लास असं धरलं तर कोरडवाहू शेतीवर ते झेपणारं नाही आणि पहिल्या वर्षात तिथे जाऊन जे करायचं ते म्हणजे शाळेची पुस्तकं आणि गणित, ते परभणीतल्या अभ्यासिकेत बसूनही होतं. क्लास लावायचाच असेल तर आधी सरकारी संस्थांचं बघ. मराठा-कुणबी असशील तर सारथी, ओबीसी-व्हीजेएनटीसाठी महाज्योती, अनुसूचित जातीसाठी बार्टी, आदिवासींसाठी टीआरटीआय, आणि खुल्या प्रवर्गातल्या गरजूंसाठी अमृत. यांचं मोफत प्रशिक्षण असतं, काही ठिकाणी विद्यावेतनही असतं, पण त्यांचे फॉर्म वर्षातून ठराविक वेळीच निघतात आणि आपल्याला कळेपर्यंत तारीख गेलेली असते, तेव्हा महिन्यातून एकदा त्यांच्या साइट उघडून बघायची सवय लाव.

प्रश्न : मॅडम किंवा सर जे कोणी असाल, मी बार्शीची, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला. माझी कास्ट एनटी-सी मध्ये येते, नॉन क्रिमीलेअर पण काढलेलं आहे. एसएससीचा फॉर्म भरायला बसले तर त्यात एनटी असा पर्यायच नाहीये. नेट कॅफेवाला म्हणाला ओपनमधून भर. भरू का?

उत्तर : नको, थांब. असं ओपनमधून फॉर्म भरून हक्काची सवलत घालवणाऱ्या मुली दर भरतीला असतात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण यात त्यांचा काही दोष नसतो, कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

व्हीजे (विमुक्त जाती), एनटी-बी, सी, डी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) हे कप्पे आपल्या राज्याचे आहेत. केंद्रात ते नाहीत, तिथे फक्त एससी, एसटी, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक). तुझी जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर एसएससी, रेल्वे, बँक, पोस्ट सगळीकडे तू ओबीसी म्हणून भरायचं. यादी राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या साइटवर राज्यवार दिलेली आहे, महाराष्ट्र उघडायचं आणि आपल्या जातीचं नाव, पोटजातीसकट, स्पेलिंगसकट शोधायचं. काही जाती राज्याच्या यादीत आहेत पण केंद्राच्या नाहीत, तसं असेल तर केंद्रात ओपनमधूनच भरावं लागतं आणि मग ईडब्ल्यूएस बसतंय का ते बघायचं.

यादीत नाव सापडलं की पुढचं काम दाखल्याचं. तुझ्याकडे आहे तो राज्याचा नॉन क्रिमीलेअर, तो केंद्राच्या भरतीला चालत नाही. केंद्राचा वेगळा नमुना असतो, त्यावर वरच लिहिलेलं असतं की हा दाखला भारत सरकारच्या अखत्यारीतल्या पदांसाठी आहे, खाली तुझी जात केंद्राच्या कुठल्या ठरावाने, कुठल्या तारखेला यादीत आली ते येतं आणि शेवटी क्रिमीलेअरमध्ये मोडत नाही असं वाक्य. सेतूमध्ये नुसतं "नॉन क्रिमीलेअर काढायचंय" म्हटलं तर ते राज्याचाच काढून देतात, त्यामुळे एसएससीच्या जाहिरातीच्या शेवटी जोडलेला नमुना प्रिंट करून सोबत ने आणि "सेंट्रलचा, या फॉरमॅटमध्ये" असं स्पष्ट सांग. दाखला किती जुना चालतो ते प्रत्येक भरतीचं वेगळं असतं, बँकेला तर चालू आर्थिक वर्षातला मागतात. ईडब्ल्यूएसवाल्यांचंही असंच आहे, राज्याचा वेगळा, केंद्राचा वेगळा, आणि दरवर्षी नवा.

याच फेरीत बाकीचं उरकून घे. डोमिसाइल काढ. कास्ट व्हॅलिडिटी नसेल तर आत्ताच कॉलेजच्या शिफारशीने जात पडताळणी समितीकडे अर्ज कर, कॉलेज सुटलं की हेच काम दुप्पट किचकट होतं आणि राज्याच्या नोकरीत निवड झाल्यावर ती लागतेच. दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव आणि आधारवरचं नाव समोरासमोर ठेवून अक्षर अन् अक्षर जुळतंय का बघ, वडिलांच्या नावात एक ए जास्त आहे एवढ्यावरून अडवलेली मुलं आहेत. फरक असेल तर आधार दहावीप्रमाणे करून घे.

आणि बी.कॉम. आहेस तर सुट्टीत टायपिंगचा क्लास लाव. राज्यात लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट लागतं, कर सहायकाला दोन्ही, आणि ते सर्टिफिकेट महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेचंच पाहिजे, गल्लीतल्या क्लासचं नाही. ज्यांच्याकडे हे नसतं ते लाखो जण त्या जागांच्या स्पर्धेतून आपोआप बाहेर होतात, म्हणजे तुझी रांग तेवढी छोटी. एसएससीला मुलींना फी नाही हेही लक्षात ठेव, नेट कॅफेवाल्याने परीक्षा फी म्हणून शंभर रुपये मागितले तर देऊ नकोस, त्याची फॉर्म भरायची मजुरी तेवढी दे.

प्रश्न : पुण्यात शनिवार पेठेत कॉट बेसिसवर राहतो, बी.एस्सी. होऊन तीन वर्षं झाली, राज्यसेवा करतोय. पूर्व एकदा निघाली, मेन्स गेली. आता पॅटर्न डिस्क्रिप्टिव्ह, म्हणजे उत्तरं लिहायचा झाला. घरून पैसे मागायची लाज वाटते. बँक क्लार्क किंवा रेल्वे द्यावी असं मनात येतं पण रूमवरचे म्हणतात फोकस हलला की संपलं. काय करू?

उत्तर : दे. लगेच दे. रूमवरच्यांना तुझं वाईट व्हावं असं वाटत नाही हे मला माहितीये, पण फोकस हलतो म्हणणारा तुझं मेसचं बिल भरणार नाहीये.

आपल्याकडे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वयाची मुदत आहे आणि चांगल्या हेतूने दिलेल्या या मुदतीनेच पोरं अडकतात असं माझं स्पष्ट मत आहे, कारण "अजून वय आहे" म्हणत म्हणत तिशी येते आणि तोपर्यंत बाकीची दारं बंद झालेली असतात. बँक क्लार्कला खुल्यातून २८ पर्यंतच. पीएसआयला ३१. पोलीस शिपायाला २८. तुझं वय पत्रात नाही पण हिशोबाने चोवीस-पंचवीस असावं, म्हणजे बँकेची तीन-चार वर्षंच हातात आहेत, राज्यसेवेची मात्र भरपूर. मग आधी कुठली संपवायची ते तूच ठरव.

ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले होते ते आठवतंय ना, तू तिथेच असशील. २५ ऑगस्टची राज्यसेवा पूर्व आणि आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी आली होती, शेवटी आयोगाला पूर्व पुढे ढकलावी लागली आणि ती १ डिसेंबरला झाली. तेव्हा दोन्ही परीक्षा देणारी पोरं किती आहेत ते सगळ्यांना दिसलं. ती काही फोकस नसलेली नव्हती, शहाणी होती.

तुझ्या जीकेचा पाया झालेलाच आहे, त्यामुळे रेल्वे एनटीपीसीच्या पदवीधर गटाला तुला फार वेगळं करावं लागणार नाही, फक्त गणिताचा वेग वाढव. रेल्वेची फी ५०० दिसते पण पहिल्या पेपरला हजर राहिलास की ४०० परत येतात, आणि सवलतीच्या गटाला २५० असते ती पूर्ण परत मिळते, तेव्हा फॉर्म भरताना बँकेचा खाते नंबर बरोबर टाक. आयबीपीएस क्लार्कला एकाच राज्याची निवड करता येते, महाराष्ट्र टाक, प्रिलिम्सचा पेपर मराठीतून घेता येतो पण इंग्रजीचा भाग इंग्रजीतच असतो आणि तिथेच आपली मुलं मार खातात, रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून चार महिन्यांत फरक पडतो. दहावीला मराठी होती हे मार्कशीटवर असलं की भाषेच्या चाचणीतूनही सुटका.

नोकरी लागली म्हणजे राज्यसेवा सुटली असं नाही. खात्याची परवानगी घेऊन पुढच्या परीक्षा देता येतात आणि लिपिक, तलाठी, एसटीआय (राज्य कर निरीक्षक) असताना वरची पोस्ट काढणारे प्रत्येक बॅचला असतात. लेखी पॅटर्नच्या मेन्सला निबंध, उत्तरलेखन आहे, त्याला शांत डोकं लागतं, आणि महिन्याच्या एक तारखेला खात्यात पगार येतोय ही शांतता फार मोठी असते. घरी फोन करून हे ठरवल्याचं सांग, पैसे मागायला म्हणून नाही, फक्त सांगायला. त्यांनाही बरं वाटेल.

प्रश्न : आमच्या भागातला एकजण म्हणतो आठ लाख द्या, तलाठीत सेटिंग आहे, काम झाल्यावर उरलेले द्या, नाही झालं तर पूर्ण परत. वडील शेत गहाण टाकायला तयार झालेत. (वाचक, जि. जालना)

उत्तर : वडिलांना आजच थांबव. हे पत्र आम्ही सगळ्यात आधी उघडलं असतं तर फोन केला असता.

हा माणूस वीस जणांकडून पैसे घेतो, काहीही करत नाही, वीसातले दोघं स्वतःच्या अभ्यासावर लागतात, त्यांचे पैसे ठेवतो आणि बाकीच्यांना वर्षभर फिरवून थोडे थोडे देतो किंवा गायब होतो. "नाही झालं तर परत" हेच त्याचं भांडवल. आणि समज खरंच पेपर फोडणारी टोळी असली तरी काय होतं ते २०२१ ला आपण बघितलंय, आरोग्य विभागाचे पेपर फुटले, म्हाडाची परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलावी लागली, अटका झाल्या, म्हाडाची परीक्षा नव्याने झाली आणि पैसे देणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. २०२४ पासून केंद्राचा परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्धचा कायदा आहे, त्यात तीन ते पाच वर्षं कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, टोळी असेल तर पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटी दंड. त्याच वर्षी राज्यानेही आपला कायदा केलाय. लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि उमेदवार म्हणून तुझ्यावर पुढच्या सगळ्या परीक्षांची बंदी येऊ शकते. त्याचे मेसेज, कॉल डिलीट करू नकोस, मूळ कागदपत्रं त्याच्याकडे दिली असतील तर ती परत घे आणि पोलिसांत तक्रार दे. घाबरून गप्प बसलास तर उद्या तो शेजारच्या गावात जाईल.

प्रश्न : मी दोडामार्गची, गोवा अर्ध्या तासावर. गोव्यात सरकारी नोकरीला भरू शकते का?

उत्तर : गोवा सरकारच्या नोकरीला सहसा नाही, कारण तिथे १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात आणि कोंकणी येणं आवश्यक असतं, मराठी येणं ही जमेची बाजू धरतात, पण त्याने वास्तव्याची अट सुटत नाही. गोव्यातल्या केंद्र सरकारच्या ऑफिसांना मात्र ही अट नाही. एसएससीच्या पश्चिम विभागात महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही येतात, तिकडून निवड होऊन पणजी-वास्कोला पोस्टिंग मिळू शकतं.

प्रश्न : माझ्या मुलाला दहावीला ९३ टक्के होते, आता एफ.वाय.ला आहे. पोस्टात परीक्षा न देता लागतं म्हणतात ते खरं का? पक्की नोकरी असते का? (एक आई, चंदगड)

उत्तर : खरं आहे ताई. ग्रामीण डाक सेवक, वय १८ ते ४०, फक्त दहावीच्या मार्कांवर यादी लागते, मुलाखतही नाही. ९३ टक्के म्हणजे आशा ठेवण्यासारखे आहेत, पण खुल्या गटात यादी बऱ्याचदा नव्वदीच्या पुढेच थांबते. त्यामुळे कोल्हापूर शहराजवळच्या शाखा टाकण्यापेक्षा आतल्या, आडवळणाच्या गावांना पसंती द्या, तिथे यादी थोडी खाली येते.

पक्की मात्र म्हणता येणार नाही. हे नियमित सरकारी कर्मचारी धरले जात नाहीत, काम रोज चार-पाच तासांचं आणि शाखा डाकपालाला सुरुवातीला १२,००० आणि सहायकाला १०,००० अधिक महागाई भत्ता असं मानधन मिळतं. डाकपाल झाला तर शाखेसाठी गावात जागा त्यालाच बघावी लागते आणि तिथे राहावंही लागतं, म्हणजे चंदगडचं कॉलेज आणि लांबची शाखा हे दोन्ही जमेल का ते आधी बघा. दुसरी बाजू अशी की पुढे खात्यांतर्गत परीक्षा देऊन पोस्टमन, एमटीएस होता येतं आणि ती पूर्ण सरकारी नोकरी आहे. दुपारनंतरचा वेळ अभ्यासाला मोकळा मिळतो हेही आहे.

फॉर्म भरताना दहावीचे विषयवार मार्क स्वतः मार्कशीट समोर ठेवून टाकायला सांगा. मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी दोन-तीन दिवस देतात, तेव्हा एकदा उघडून पुन्हा तपासा, कारण डीव्हीला मार्कात फरक निघाला तर निवड रद्द होते.